पहाटे साडेचारची ड्युटी
इटलीच्या डोंगरात चार दिवस राहून आले. बर्फ तर भन्नाट होताच. पण जास्त लक्षात राहिली ती आपली आपण पेटणारी शेगडी!

खर्रर्र... टक्. टक्-टक्.

पहाटेचे साडेचार. बाहेर उणे नऊ. मी दोन रजयांखाली, आणि बाहेरच्या खोलीत कोणीतरी डब्यात खडे टाकतंय! मी ओरडणार, तेवढ्यात पलीकडून मावसबहिणीचा झोपाळलेला आवाज आला, "झोप गं, स्तूफा पेटतोय."

हे गाव वाल दी फिएम्मेमधलं. उत्तर इटलीत ओरा स्टेशनला ट्रेन सोडायची आणि वळणावळणांची बस पकडायची. पूर्वी वर छोटी रेल्वे जायची, ती 1963 मध्येच बंद झाली. खिडकीतून दिसतात फक्त स्प्रूसची उंच झाडं. स्ट्रॅडिव्हॅरीच्या व्हायोलिनांचं लाकूड इथल्याच पानेवेज्जोच्या जंगलातलं, असं इथे अभिमानाने सांगतात. ऑक्टोबर 2018 च्या 'वाया' वादळाने त्यातली असंख्य झाडं आडवी केली.

ताई इथल्या एका फॅक्टरीत इंजिनीअर आहे. शिफ्ट सकाळी सहाची, राहते एकटी. तिच्या हॉलमध्ये फ्रीजपेक्षा बुटका, काचेच्या दाराचा एक डबा आहे. तोच स्तूफा, म्हणजे पेलेट स्टोव्ह. पेलेट म्हणजे सॉ-मिलमधला भुसा दाबून केलेल्या 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दिसायला थेट जाड शेवेचे तुकडे! पोतं 15 किलोचं. कडाक्याच्या थंडीत ते जेमतेम दिवसभर पुरतं.

कधी आणि किती

गंमत आहे ती याच्या डोक्यात. ताईने आठवड्याचं टाइमटेबल भरून ठेवलंय. साडेचारला पेट, ती निघाली की मंद हो, दुपारी दोनला पुन्हा जोर धर, रात्री दहाला झोप. रविवारी सगळं दोन तास उशिरा. (शेगडीलाही वीकेंड! आता बोला.) वेळ झाली की स्क्रूसारखा दांडा गोळ्या खाली ढकलतो, विजेची कांडी लालबुंद होते आणि पाच-दहा मिनिटांत ज्वाळा दिसते.

"टायमर सांगतो कधी, थर्मोस्टॅट सांगतो किती," ताईने क्लास घेतला. खोली 20 अंशांवर गेली की स्तूफा विझत नाही, आच कमी करतो. सारखं विझवा-पेटवा केलं तर ती कांडी लवकर जळते आणि राखही जास्त होते. म्हणून ती घरी नसतानाही घर 16 च्या खाली जाऊ देत नाही. जाड दगडी भिंती एकदा गार पडल्या की त्यांना गरम करायला अख्खी संध्याकाळ जाते.

आणि मी प्लग उपटला

तिसऱ्या दिवशी ताई शिफ्टला, मी जंगल बघायला निघाले. घरात कोणी नाही आणि मशीन चालू? आईचे संस्कार! इथल्या सॉकेटला बटण नसतं, म्हणून सरळ प्लगच उपटला.

बूट घालेपर्यंत धुराचा वास. आत निखारे तसेच, पण धूर बाहेर फेकणारा पंखा बंद! खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजी इटालियनमध्ये माझा उद्धार करत वर आल्या. धडाधड खिडक्या उघडल्या, प्लग परत लावला. पंखा फिरायला लागला, आणि गोळ्या जळून संपेपर्यंत त्या मला हाताला धरून बाल्कनीत उभ्या राहिल्या.

"धूर दिसला म्हणून वाचलीस," संध्याकाळी ताई म्हणाली. "कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, त्याला वासही नाही." भिंतीवरची पांढरी डबी त्याचाच अलार्म होती. बंद करायचं तर बटण दाबायचं आणि थांबायचं. विझल्यावरही स्तूफा गार होईपर्यंत पंखा फिरत राहतो. मुंबईत एका झटक्यात सगळं ऑफ करायची सवय लागलेल्या मला हे नवीनच होतं.

मग ती पहिल्या हिवाळ्याबद्दल बोलली. तेव्हा टायमर लावता येत नव्हता. शिफ्टवरून आली की घर आठ अंशांवर. कोट घालूनच ब्रेड खायची, आणि एकदा तर रडत-रडत मुंबईची तिकिटं बघत बसली होती. शेवटी याच आजींनी वर येऊन एकेक बटण दाबून टाइमटेबल भरून दिलं. "दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर घर गरम! कोणीतरी घरी आहे असं वाटलं गं."

मला आमच्या पुण्याच्या वाड्यातली भुशाची शेगडी आठवली. आजी मध्ये बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायची आणि बाटली अलगद काढून घ्यायची. आम्ही उठायच्या आत पाणी कढत तयार. आजीला कुठला टायमर? आजीच टायमर होती. आणि ती कितीला उठते, हे आम्ही कधी विचारलंसुद्धा नाही.

शेवटच्या पहाटे पुन्हा खर्रर्र... टक्. मी ताडकन उठले. रात्री गप्पांच्या नादात गोळ्या भरायच्याच राहिल्या होत्या! झाकण उघडलं तर तळाशी मूठभर. ताईच्या स्तूफ्याला वेळ कळते, पोट रिकामं झालेलं कळत नाही. अंधारात पोतं फोडलं आणि आवाज न करता ओतलं.

सव्वापाचला ताई चहाचा कप घेऊन काचेसमोर बसली. "आज छान तापलंय ना घर?"

"हो," मी म्हटलं आणि रजई पुन्हा डोक्यावर ओढली.