खाटीक आणि जादूगार

उत्तरेकडच्या गारठ्यातून धडपडत आलेला लोगन एका जुन्या ग्रंथालयाशी पोहोचतो. महान जादूगार बायाझ तिथेच राहतो. लांब दाढीचा, भारदस्त म्हातारा दिसताच लोगनला वाटतं, हाच तो. निघतो नोकर! खरा बायाझ म्हणजे आवारात मांस तोडणारा टकला, धिप्पाड गडी. इथे वाचक हसतो आणि पुढे जातो.

हा प्रसंग ज्यात आहे ती जो अ‍ॅबरक्रॉम्बीची ‘द ब्लेड इटसेल्फ’ ही कादंबरी २००६ साली आली आणि २००८पर्यंत ‘द फर्स्ट लॉ’चे तिन्ही भाग पूर्ण झाले. (पुढे मी शेवट फोडणार आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं, राग धरू नये.)

टॉल्किनच्या गँडाल्फपासून आपल्याला सवय लागलेली असते की म्हातारा जादूगार सोबत आहे ना, मग वाट चुकली तरी भलंच होणार. अ‍ॅबरक्रॉम्बी याच भरवशावर खेळतो. दुसऱ्या भागातला मोठा हिस्सा शत्रूला नमवणाऱ्या एका वस्तूच्या शोधात बायाझ आणि सोबत्यांनी केलेल्या जगाच्या टोकापर्यंतच्या प्रवासात जातो आणि शेवटी हाती लागतो साधा धोंडा. हवी ती वस्तू असते, ते निघाले होते त्या शहरातच. तिसऱ्या भागात ती वापरून बायाझ शत्रूला नमवतो आणि स्वतःच्याच राजधानीचा मोठा भाग बेचिराख करतो. राजा त्याने बसवलेला, देशाला कर्जात बांधणारी पेढीही त्याचीच. मेलेल्यांबद्दल विचारलं तर तो वैतागतो. तेव्हा मागची पानं चाळावीत. लेखकाने काहीही लपवलेलं नव्हतं. सुरी हातात देऊनच त्याने हा माणूस आपल्यासमोर उभा केला होता.

लोगनचंही तसंच. सभ्य, थकलेला, स्वतःच्या पापांची लाज असलेला हा माणूस आपल्याला आवडू लागतो. मग लढाईत अंगात आल्यासारखा तो भान हरपतो आणि आपल्याच जुन्या सोबत्याला मारतो. त्याच्या पश्चात्तापावर त्यानंतर विश्वास ठेवणं जड जातं.

माझा जीव मात्र ग्लोक्टावर. कधीकाळचा तलवारबाजीतला विजेता, शत्रूच्या तुरुंगातून मोडूनतोडून परतलेला आणि आता सरकारी तळघरात लोकांचे हालहाल करून कबुलीजबाब काढणारा. त्याला जिना दिसला की धडकी भरते. तोंडाने तो अदबीने बोलतो आणि मनात स्वतःची, जगाची खिल्ली उडवत राहतो. ते मनातलं ऐकण्यासाठी मी लढायांची पानं भराभर उलटतो. त्या जरा जास्तच आहेत. फेरो या बाईलाही रागापलीकडे फारसं काही दिलेलं नाही, हेही खटकतं.

शेवटाकडे आर्डी नावाची मुलगी राजाच्या मुलाची आई होणार असते आणि ते उघड झालं तर तिचा जीव जाणार असतो. चांगली म्हणावीत अशी माणसं आसपास आहेत. पण लग्नाचं विचारतो तो ग्लोक्टा. तिला आणि पोराला नाव देतो, आसरा देतो. त्याची तळघरातली नोकरी सुटत नाही. उलट बढती मिळते.