बर्डीच्या बाजारातला आठ पायांचा पाहुणा

नागपूरला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न संत्र्यांविषयी आणि दुसरा उन्हाळ्याविषयी विचारायचा, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर मी त्याला सीताबर्डीच्या बाजारात धाडीन. आणि तोही कापडाच्या किंवा चपलांच्या ओळीत नव्हे, तर जिथे काउंटरवर लहान लहान खणांच्या डब्यांतून रेझिस्टर आणि कपॅसिटर धान्यासारखे मोजून दिले जातात, त्या गल्लीत!

सीताबर्डीला खुद्द नागपूरकर नुसते ‘बर्डी’ म्हणतात. वर टेकडीवर किल्ला. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकड्यांवर. खाली पायथ्याशी बाजार, आणि आता बाजाराच्या डोक्यावरून मेट्रो. मुख्य रस्त्याच्या गर्दीतून आत वळले की मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्या लागतात. नवख्याला ही नावे ऐकून मौज वाटते. पण वायर, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर यांचा शोध घेणाऱ्याला ती तोंडपाठ असतात.

नागपूरला ऐकण्याचा नाद जुना आहे. इथले आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. रेडिओ घरात आला की तो बिघडणारही, आणि बिघडला की दुरुस्त करणाराही हवा. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. पुढे आयसी आली आणि हौशी मंडळींचे फावले. ‘४४४०’ या आकड्याला तर घरगुती ॲम्प्लिफायरच्या दुनियेत घरच्या माणसाचा मान मिळाला. सान्यो कंपनीची ही आयसी दोन बाजूंना प्रत्येकी ६ वॅट, किंवा दोन्ही जोडून १९ वॅट देणारी. तिच्या अलीकडे ‘बेस-ट्रेबल’च्या बोर्डावर ‘४५५८’ ही आठ पायांची आयसी. गणपतीच्या मंडपात, भजनी मंडळाच्या पेटीत, दिवाणखान्यातल्या लाकडी कपाटात हीच जोडी वाजत आली.

या जुन्या घाटाच्या आयसीला ‘डिप’ म्हणतात. तिच्या दोन पायांत अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. पाय बोर्डाच्या भोकातून आरपार जातात आणि मागून डाग देता येतो. साध्या डोळ्यांना दिसते आणि साध्या हाताला जमते. शाळकरी पोराने सुट्टीत ॲम्प्लिफायर बांधावा तो याच अंतराच्या जोरावर!

पण कारखान्यांना हातांची गरज उरली नाही. यंत्रे चिपा उचलून बोर्डाच्या पृष्ठभागावर ठेवू लागली, भोकांची जरुरी संपली आणि चिपा आकसत गेल्या. पृष्ठभागावर बसणाऱ्या या जातीला बाजारात ‘एसएमडी’ म्हणतात. तिच्या एका घाटात पायांतले अंतर निम्म्यावर, १.२७ मिलिमीटरवर, आले. दुसऱ्यात ते ०.६५ झाले. पीसीएम ५१०२ ही आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी चिप घ्या. वीस पाय, आणि अंतर हेच ०.६५. ओपीए १६१२ ही ध्वनीच्या कामासाठी नावाजलेली आयसी आठच पायांची. पण ती जुन्या डिप घाटात मिळतच नाही. जुने बोर्ड घरात पडून आहे, नवी चिप हातात आहे, आणि दोघांची भेट व्हायला मार्ग नाही, अशी स्थिती!

हा मार्ग काढला तो अंगठ्याच्या नखाएवढ्या एका हिरव्या तुकड्याने. त्याचे नाव ॲडॉप्टर. वरच्या अंगाला नव्या चिपेच्या मापाच्या बारीक पट्ट्या, दोन्ही कडांना जुन्या मापाची भोके, आणि मधून जाणाऱ्या तांब्याच्या रेघा. वर चिप डाग देऊन बसवायची, कडांना पाय लावायचे, आणि तो तुकडा जुन्या आयसीच्या बेसमध्ये खोचायचा. साधा तुकडा एका तर्री-पोह्याच्या प्लेटीच्या आत-बाहेरच्या पैशात मिळतो.

एका गल्लीतले साठी ओलांडलेले कारागीर भिंगाच्या दिव्याखाली हेच काम करीत बसले होते. मी विचारले, “काका, एवढा खटाटोप कशाला? गिऱ्हाईक नवा डबा का घेत नाही?”

“पाहा भाऊ,” मान वर न करता ते म्हणाले, “चिप नवी आली म्हणून डबा फेकून द्यायचा का? डब्यानं काय घोडं मारलं? ट्रान्सफॉर्मर चांगला, स्पीकर चांगला, पेटी सागवानी. एका आयसीपायी सारं भंगारात चाललं असतं ना जी!”

त्यांची रीत पाहण्याजोगी होती. पट्ट्यांवर आधी फ्लक्स. मग एकाच कोपऱ्यातल्या पट्टीला कथलाचा थेंब. चिमट्याने चिप धरून तो थेंब वितळवायचा आणि एक पाय पकडवायचा. आता भिंगातून पाहायचे. सगळे पाय आपापल्या पट्टीवर आहेत ना? चिपेवरचा ठिपका पहिल्या पायाच्या खुणेशी जुळतो ना? नसेल तर एकच पाय सोडवावा लागतो. सगळे पक्के केल्यावर चूक कळली तर पट्टीच उखडते. जुळले की समोरचा कोपरा, आणि मग बाकीचे. दोन पायांत कथलाचा पूल झालाच, तर तांब्याच्या विणलेल्या फितीने तो शोषून घ्यायचा. “डोळे पहिल्यासारखे नाही राहिले,” ते म्हणाले, “पण भिंग आहे आणि हात अजून कापत नाही.”

नागपूरच्या हवेचाही या कामावर अंमल चालतो. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत कूलर हा प्राणवायू; पण चिप बसवताना तोही बंद करावा लागतो! वाऱ्याने डागणीचे टोक निवते, आणि तांदळाच्या दाण्याएवढा भाग उडाला तर तो फरशीवर शोधण्यात दुपार जाते.

ॲडॉप्टर लावला की सारे सुरळीत झाले, असे मात्र समजू नये. तांब्याच्या त्या रेघांनी आणि पायांनी वाट लांबते. नव्या चिपा चपळ असतात. वीजपुरवठ्याची वाट लांबली की त्या आपल्याशीच थरथरू लागतात. ही थरथर कानांच्या मर्यादेपलीकडची असते. गाणे लावलेले नसतानाही चिप तापते, आवाजात खरखर येते, आणि कारण उमगत नाही. उपाय सोपा आहे. ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, ॲडॉप्टरवरच पुरवठ्याच्या दोन पायांत जोडावा. ४५५८ च्या घराण्यात हे पाय चौथा आणि आठवा. दुसरी सावधगिरी व्होल्टेजची. काही नव्या चिपा पाचेक व्होल्टच्याच असतात. त्यांना अधिक-उणे १५ व्होल्टच्या बोर्डावर बसवणे म्हणजे पाहुण्याला उकळत्या पाण्याने आंघोळ घालणे! तिसरी गोष्ट पायांची. ॲडॉप्टरला चौकोनी जाड पाय लावले तर ते आयसी बेसची तोंडे फाकवतात. म्हणून गोल, बारीक पाय मागून घ्यावेत.

एवढे करून आवाज सुधारतो का? पुष्कळदा मुळीच नाही. जुनी ४५५८ धड असेल, तर नव्या चिपेने झालेला फरक कानांपेक्षा मनालाच अधिक जाणवतो. सुकलेले जुने कपॅसिटर बदलण्याने याहून जास्त लाभ होतो, हे प्रामाणिक दुकानदारच सांगतो.

मग या तुकड्याचे मोल कशात? एखादी वस्तू उघडून पाहण्याचा हक्क घरातल्या माणसाकडे राहतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. चिपा आणखी लहान होत जातील. पायच नसलेल्या, सगळे जोड पोटाखाली लपवणाऱ्या चिपाही आल्या आहेत. प्रत्येक पावलागणिक टेबलाशी बसून काम करणारी माणसे एकेक करून बाहेर पडतात. काका आणि सुट्टीतला शाळकरी पोरगा त्यांत पहिले. १९६० साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्यांच्या नावाचे अभियांत्रिकी विद्यालय याच शहरात आहे. पुस्तकातून आयसीचे गणित शिकलेला मुलगा आणि डागणीने हात भाजलेला कारागीर यांची भेट व्हायची, तर ती अशाच काउंटरवर होणार.

म्हणून पुढच्या खेपेस नागपूरला गेलात, तर संत्री जरूर घ्या. पण तासभर बर्डीसाठी राखून ठेवा, आणि बरोबर मुलांना न्या. माळ्यावरचा मुका ॲम्प्लिफायर उघडून त्यातल्या आयसीचा नंबर आधी कागदावर उतरवून घ्या. तोच नंबर अजून मिळत असेल, तर तोच घ्या. नसेल, तर दुकानदाराकडे त्या जागी चालणारी चिप आणि तो हिरवा तुकडा मागा. दोन्ही मिळून खिशातल्या काड्यापेटीत मावतील, आणि दिवाळीच्या पहाटे घरात पुन्हा सनई वाजेल.