मायेची चिमूट आणि गोगलगायी

गोगलगाय म्हटली, की गरीब, मुकाट प्राणी डोळ्यांपुढे येतो. पण 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण उगीच पडलेली नाही. बंगळुरूच्या कोरमंगला भागातल्या एका मराठी कुटुंबाला तिचा प्रत्यय आला, तो दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत.

समुद्रापासून इतक्या लांब मुलाने हौसेने घरात समुद्र मांडला होता. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास क्षार, दोन क्लाऊनफिश, काही दगड आणि त्यांवर मऊ प्रवाळ. कडक प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण असल्याने ते त्याने ठेवले नव्हते.

पत्नीच्या निधनानंतर सांगलीहून आलेल्या बाबांना या पेटीचा लळा लागला. मुलगा-सून कामावर गेले, की घरात बोलायला कोणी नसे. ते दिसताच मासे काचेपाशी धावत. मग काय, दिवसातून पाच-सहा वेळा खाण्याची चिमूट पाण्यात पडू लागली.

काही महिन्यांतच दगडांवर बारीक, टोकदार नळ्या उगवल्या आणि प्रवाळांनी अंग चोरलं. त्या नळ्या म्हणजे व्हर्मेटिड गोगलगायी! त्या एकाच जागी चिकटून राहतात, पाण्यात चिकट जाळं सोडतात आणि त्यात अडकलेले अन्नकण जाळ्यासकट गिळतात. जाळं प्रवाळावर पडलं, की तो मिटून जातो.

"अगं, मीठ टाक की त्यांच्यावर. गावाकडे तेच करतात," बाबा म्हणाले.

"बाबा, त्या मिठातच राहतात!" सून हसली.

उपाय सोपा नव्हता. तांबं असलेल्या औषधाने गोगलगायी मरतात, पण प्रवाळही मरतात. दगड उकळणं तर त्याहून घातक. काही मऊ प्रवाळांतलं विष वाफेबरोबर श्वासात जाऊ शकतं. हातमोजे घालून चिमट्याने नळ्या मोडायच्या किंवा त्यांची तोंडं सुपरग्लूने बंद करायची, हाच सुरक्षित मार्ग. मात्र उरलेलं अन्न पाण्यात तरंगत राहिलं, तर नव्या नळ्या येतच राहतात.

मुलाला हे ठाऊक होतं. "पण त्यांना खाणं घालू नका म्हणायचं कसं?" तो रात्री बायकोला म्हणाला. "तेवढाच तर त्यांचा विरंगुळा आहे."

शेवटी सुनेनेच विषय काढला. "बाबा, मासे उपाशी नाहीत. उरलेलं सगळं या गोगलगायी खातात. ही पेटी आता तुम्हीच सांभाळा. तुमच्याइतका वेळ देऊन तिच्याकडे कोण बघणार?"

बाबा काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी ते पेटीकडे फिरकलेही नाहीत. सुनेला वाटलं, दुखावले. सकाळी मात्र त्यांनी चष्मा, चिमटा आणि एक कोरी वही मागून घेतली.

तेव्हापासून माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं मिळतं. रोज मोडलेल्या नळ्यांचा हिशेब वहीत लिहिला जातो. हळूहळू आकडे उतरले, प्रवाळ पुन्हा फुलले. गोगलगायी समूळ गेल्या नाहीत. त्या सहसा जातही नाहीत, आटोक्यात ठेवाव्या लागतात.

वडीलधाऱ्यांना 'तुम्ही फक्त आराम करा' असं सांगणं सोपं असतं. पण घराला खरोखर गरज असलेलं एखादं काम विश्वासाने त्यांच्या हाती सोपवलं, तर पाहुण्यासारखं राहणारं माणूस घरचं होतं.