बिंदग्यातली आंबील

ज्या अंकाची पाने चकलीच्या तेलकट बोटांनी उलटली जातात, त्यात आंबिलीसारख्या आंबट वस्तूची शिफारस करणे तसे धाडसाचेच. पण चिरोट्या-करंज्यांना वकील पुष्कळ आहेत. आंबिलीच्या बाजूने फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे वकीलपत्र मी घेतले आहे.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईच्या पुढे, लातूरची शीव जिथे लागते तिथल्या गावांतून आंबील वेळ अमावस्येला जशी होते, तशी मी दुसरीकडे प्यालो नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येचा हा सण शेतातच साजरा व्हायचा. कडब्याची कोप उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आणि भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर यांवर ताव मारायचा. या सगळ्या थाटाची यजमानीण म्हणजे बिंदग्यातली आंबील.

आमच्या आळीत आंबील लावावी ती जिजीने. तिची तयारी तीन-चार दिवस आधी सुरू होते. ताक साठवून आंबवायचे. ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून शिजवायचे, आणि ते पुरते निवल्याखेरीज ताकात सोडायचे नाही. पीठ कढत असताना ओतले तर ताकातले सूक्ष्म जीव मरतात, आणि मग हाती येते ती नुसती आंबटसर पेज. ते जीव पिठातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळेच नासवणाऱ्या जंतूंची डाळ शिजत नाही. बिंदगे मात्र मातीचेच हवे. त्याच्या अंगातून पाणी पाझरते, उडून जाते आणि आतला माल गार राहतो. शिवाय त्या दिवसांतली थंडी असतेच. म्हणून आंबील हळूहळू, समजूतदारपणे आंबते. उन्हाळ्यात हेच एका रात्रीत उरकते, पण त्यात चव कमी आणि आंबटपणा जास्त. (स्टीलच्या डब्यात आंबील करून ती फ्रीजमध्ये ठेवणारी मंडळी माझ्या नात्यात आहेत. त्यांच्याविषयी मी बोलत नाही.) मीठ, जिरे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची अगदी शेवटी, सकाळी. लसूण आदल्या दिवशी घातला, की आंबील राहत नाही, लसूण राहतो.

आंबील झाली की नाही हे जिजी चाखून ठरवत नाही. नैवेद्याआधी चाखणे कसे? ती बिंदग्याला कान लावते. आत बारीक चुरचुर चालू असली म्हणजे अजून वेळ आहे. ती मंदावली म्हणजे आंबील उतरली.

हे कान लावणे मी पुढे इंग्लंडात एका स्नेह्याकडे पाहिले. नाताळसाठी त्याने घरी बीअरचे लहान पिंप आणले होते. त्याला तिकडे पिन म्हणतात, साडेचार गॅलनांचे, म्हणजे सुमारे वीस लिटरांचे. त्यातले किण्व मेलेले नसते. पिंपातच ते दुसऱ्यांदा फसफसते. पिंप आडवे मांडून हलवू द्यायचे नाही. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, तिच्यातून वायू हळूहळू निघून जातो. फसफस थंडावली की कठीण लाकडाची खुंटी बसवायची. एकदा तोटी ठोकली, की तीन-चार दिवसांत संपवायचे. कारखान्यात मारून, गाळून, वरून वायू भरलेल्या बीअरचा कंटाळा येऊन चार इंग्रजांनी १९७१ साली या जिवंत पेयासाठी चळवळच काढली. माझ्या स्नेह्याने पिंपावर ओले पोते टाकले होते. ते पाहून मला बिंदगेच आठवले. आपल्याकडे परवान्यावाचून घरी बीअर गाळणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. आंबिलीवर मात्र अजून कोणाची वक्रदृष्टी गेलेली नाही.

तिच्यावरचे संकट वेगळे आहे. एक तर शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. दुसरे म्हणजे प्यायला माणसे नाहीत. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊस तोडायला निघतात. नवराबायकोच्या या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव देऊन मोजण्याची ही रीत मला कधीच सोसली नाही. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे वेळ अमावस्येला गावात उरतात म्हातारी आणि शाळेची पोरे. जिजीचा मुलगा आणि सूनही तिकडे, कोल्हापूरच्या बाजूला, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत. त्या झोपडीलाही कोपच म्हणतात.

गेल्या खेपेला मी जिजीला म्हणालो, "माणसे दोन, आणि बिंदगे एवढे?" ती म्हणाली, "बिंदगं अर्धं भरलं तर आंबील बिघडती." हे शास्त्राला धरून आहे की नाही, ते मी विचारले नाही. आळीतला एक मुलगा आईबापांना भेटायला तिकडेच निघाला होता. त्याच्या हाती तिने बाटलीभर आंबील दिली, आणि चारचारदा बजावले:

"टोपण गच्च लावू नको, बाबा. बार्शी आली की ढिलं कर, पंढरपूर आलं की आणखी एकदा. आणि झोपू नको."