लाल बटण

वरसे, ता. रोहा
आषाढ वद्य पंचमी

प्रिय ताई,


तू दिलेलं जयंत नारळीकरांचं ‘वामन परत न आला’ काल वाचून संपवलं. रात्रपाळीवरून आलो तर लाइट गेलेली, कुंडलिका नदीच्या अंगाला पाऊस नुसता कोसळत होता. खिडकीशी बसून दुपारपर्यंत सगळं वाचून काढलं. ही म्हणाली, झोपा आता. झोप कुठली!

२०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा फोनवर तुझा आवाज भरून आला होता. मी त्यांना खगोलशास्त्रज्ञ म्हणूनच ओळखत होतो, त्यामुळे मला ते उमगलंच नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, हेही तूच सांगितलंस. एवढा मोठा माणूस, आणि आपल्या नावाचं वजन कथेवर पडू दिलं नाही.

कादंबरी १९८६ची, आपल्या रोह्याला रेल्वे आली त्या सुमाराची. जमिनीखाली एका प्राचीन, पुढारलेल्या संस्कृतीची कालकुपी सापडते. तिच्यातल्या माहितीवरून आधी ‘गुरू’ हा संगणक उभा राहतो, मग त्याच्या सांगण्यावरून वामन हा यंत्रमानव. आणि वामनाला आपल्यासारखे आणखी वामन हवे असतात. बळीच्या गोष्टीतलं पाऊलही आधी केवढंसंच होतं ना?

धाटावला आमच्या कारखान्यात रिॲक्टरचं तापमान मर्यादेपलीकडे गेलं की इंटरलॉक आपोआप वाफेचा व्हॉल्व्ह बंद करतो. ते बरंच आहे. पहाटे तीनला माणूस पेंगतो. पण पॅनेलवर एक लाल बटण असतं, यंत्र थांबवायला तळव्याने दाबायचं. ते दाबायला यंत्राची परवानगी लागत नाही. नव्या पोराला पहिल्या दिवशी मी आधी तेच दाखवतो, दोनदा हात ठेवायला लावतो. कादंबरीत पानोपानी मी ते बटण शोधत होतो, ताई. शेवट नावातच सांगितलाय, तरी तळव्यांना घाम सुटला होता.

संध्याकाळी दूध आणायला गेलो. वाटेत नव्या बिल्डिंगच्या पायासाठी जेसीबीने खड्डा खणलाय. तिथे थांबून वाकून पाहिलं. गढूळ पाणी, तांबडा मुरूम आणि कौलाचा एक तुकडा. छत्री धरून पाच मिनिटं तसाच उभा होतो.

नारळीकरांचं ‘प्रेषित’ तुझ्याकडे असेल तर भाच्याबरोबर पाठव.

तुझा धाकटा