वारीच्या ट्रॉलीची दुखणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे म्हणतात. ही म्हण कशावरून पडली याच्या ज्याच्या त्याच्याकडे वेगळ्या कथा आहेत, त्यात मी पडत नाही. माझ्या धंद्यापुरती मात्र ती मला पटते. जर्मनीतल्या आरिस्ट डेथलेफ्स नावाच्या माणसाने १९३१ मध्ये मोटारीमागे ओढायचं एक चाकावरचं घर बनवलं. त्याच्या घरचा धंदा चाबूक आणि बर्फावर घसरायच्या काठ्या बनवण्याचा, त्यामुळे विक्रीसाठी सतत फिरती. जोडीदारीण चित्रकार. तिलाही फिरतीवर नेता यावं आणि चित्रं काढायला जागा असावी म्हणून हा खटाटोप केला, आणि पुढे त्यातून मोठा उद्योग उभा राहिला.

आपल्या सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं केलं. पण माझ्या वर्कशॉपवर अजून कुणी कॅरॅव्हॅन घेऊन आलेलं नाही. आमचं चाकावरचं घर म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या भांडीकुंडी, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या आणि खोपीचं सामान ट्रॉलीत भरून कारखान्याकडे निघतात. ज्येष्ठ लागला की दिंड्या निघतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सुमारे सातशे किलोमीटर चालते, आणि ती परभणी, गंगाखेडवरूनच जाते. जनाबाईंचं गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे गावोगावच्या लहान दिंड्यांना तर तोटाच नाही. प्रत्येक दिंडीमागे एक-दोन ट्रॉल्या असतातच. वर लोखंडी पाइपाच्या कमानी, त्यावर ताडपत्री, आत वळकट्या, शिधा, पाण्याची टाकी, शेगडी, भजनाचा अँप्लिफायर. अशा ट्रॉल्या बांधायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे माझं काम.

ट्रॉली बनते ती माल वाहायला. खत, कापूस, ऊस भरा आणि खाली करा. तिच्यात महिनाभर संसार मांडला की तिची दुखणी बदलतात, आणि शेतात मुरलेल्या ड्रायव्हरलाही ती ओळखू येत नाहीत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी : “मिस्तरी, ट्रॉली लइ डुलायली.” म्हणजे सरळ रस्त्यावरही मागचं ढुंगण डावी-उजवीकडे मारते. लोक आधी टायरवर संशय घेतात, मग बेअरिंगवर, मग हुकावर. मी पहिला प्रश्न विचारतो, “माऊली, सकाळी जास्त डुलती का संध्याकाळी?” उत्तर बहुतेक वेळा येतं, “सकाळी. दुपारनंतर बरी चालती.” एवढ्यावर निदान होतं. पाण्याची टाकी मागच्या फाळक्याला टेकवून ठेवलेली असते, कारण तोटी मागे आली की वारकऱ्यांना हातपाय धुवायला, पाणी प्यायला सोयीचं. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन झालं, आणि ते सगळं अ‍ॅक्सलच्या मागे. दोन चाकी ट्रॉलीचं अ‍ॅक्सल मधोमध नसतं, थोडं मागे असतं. ओझ्याचा काही भाग पुढे दांडीवरून ट्रॅक्टरच्या हुकावर यावा म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. मागे वजन टाकलं की दांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागते. दिवसभरात पाणी संपतं, म्हणून दुपारनंतर ती शहाणी होते.

परदेशात मोटारीमागच्या घराला एक ठोकताळा लावतात : एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. आपल्याकडे काटा नसला तरी चालतं. भरलेल्या ट्रॉलीची दांडी पुढच्या जॅकवर ठेवा आणि मागच्या फाळक्याजवळ दोन माणसं उभी करा. तेवढ्याने दांडी जॅकवरून उचलली गेली तर सामान चुकीचं लागलंय. टाकी अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे आणायची आणि तोटीला पाइप जोडून तो मागे न्यायचा. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान घेतल्या तर आणखी उत्तम. अर्धी रिकामी मोठी टाकी ब्रेक मारला की आतल्या आत हिसका देते, तो हिसका हुकाच्या पिनेवर बसतो.

चार चाकी ट्रॉलीचं गणित निराळं. तिच्या पुढच्या चाकांवर टर्नटेबल असतं, हुकावर वजन येत नाही. ती डुलली तर टर्नटेबलचं ग्रीस वाळलंय का आणि त्याचे बोल्ट सैल झालेत का, ते आधी बघायचं.

डुलणं वेगळं आणि तिरकं चालणं वेगळं. मागून बघितल्यावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या रेषेत न दिसता एका अंगाने बाहेर पडलेली दिसते. हे पाट्यांचं दुखणं. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल पडले की अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतं. हे शोधायला मशीन लागत नाही, सुतळी लागते. हुकाच्या पिनेच्या मधोमध सुतळीचं एक टोक धरायचं, दुसरं अ‍ॅक्सलच्या डाव्या टोकापर्यंत न्यायचं आणि तिथे गाठ मारायची. मग तीच सुतळी उजवीकडे न्यायची. गाठ बरोबर त्याच जागी आली तर अ‍ॅक्सल सरळ आहे. बोटभर जरी फरक पडला तरी टायर एका कडेने खाल्लं जाणार. यू-बोल्ट नवीन टाकले की ओझं घेऊन पहिल्या दिवशी चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे दबून बसतात. हे मी बिलाच्या मागे लिहून देतो. बिल कुणी उलटून बघत नाही.

आता हबाकडे येतो. हब म्हणजे चाकाचं काळीज, आणि वारीत ते गंगाखेडच्या घाटावर बिघडतं. दिंडी गोदावरीवर पोचते, माणसं स्नानाला उतरतात, आणि ड्रायव्हर भक्तिभावाने ट्रॉलीही पाण्यात उतरवतो. चाकं धुतली जातात, चिखल जातो, ट्रॉली नवी दिसते. पण दिवसभर चालून हब तापलेला असतो. आतली हवा फुगलेली असते. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच होत नाही. दोन-चार मुक्कामांनी चाक घरघर करायला लागतं. उघडून बघितलं तर ग्रीस साईच्या रंगाचं, पांढरट झालेलं असतं. पाणी मिसळलेल्या ग्रीसमध्ये वंगण उरत नाही. टेपर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात, आणि कडेवर निळसर झाक आली असेल तर ते बेअरिंग भाजलंय, धुऊन परत बसवू नका. बेअरिंग बदलताना त्याची बाहेरची कडी, म्हणजे कप, तोही बदलायचा. जुन्या कपात नवं बेअरिंग बसवून पैसे वाचत नाहीत.

बसवताना आवळायचं किती, यावर गावोगावी वाद आहेत. माझी पद्धत अशी. हाताने चाक फिरवत फिरवत नट आवळत जायचा, चाक जड फिरायला लागेपर्यंत. मग नट थोडा मागे सोडायचा, साधारण पाव फेऱ्यापेक्षा कमी, आणि जवळच्या खाचेत स्प्लिट पिन घालायची. चाक वर-खाली धरून हलवलं तर अगदी नखाएवढा खेळ हाताला लागला पाहिजे. घट्ट आवळलेलं बेअरिंग जास्त लवकर जळतं, आणि हे ज्यांना पटत नाही ते दर वर्षी माझ्याकडे येतात. हबाच्या टोपणात ग्रीस कोंबून भरायचं नाही, तापल्यावर फुगायला त्याला जागा लागते. पहिल्या दहा-वीस किलोमीटरनंतर थांबून हबाला तळहात लावायचा. हात ठेवता आला तर ठीक. चटका बसून मागे घ्यावा लागला तर ट्रॉली पुढे नेऊ नका.

टायरबद्दल थोडक्यात. वारीच्या ट्रॉलीचं टायर झिजून जात नाही, उन्हात वाळून जातं. परभणीच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि ट्रॉली वर्षाचे कितीतरी महिने अंगणात एकाच जागी उभी असते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. नक्षी शाबूत दिसली तरी बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर ते टायर भरलेल्या ट्रॉलीला लावू नका. आणि उन्हाळ्यात ट्रॉली दगडा-ओंडक्यावर चढवून चाकं जमिनीवरून सुटी ठेवा.

लाइटचं दुखणं फसवं असतं. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच तालावर मिणमिणतो. लोक बल्ब बदलतात, होल्डर बदलतात, शेवटी सगळी वायरिंग नवी टाकतात. दोष असतो अर्थिंगचा. ट्रॉलीला अर्थ मिळते ती हुक आणि पिनेतून, आणि तिथे गंज, चिखल आणि ग्रीसचा थर बसलेला असतो. बॅटरीच्या वजा टोकापासून एक सुटी वायर घेऊन ट्रॉलीच्या खरवडलेल्या चासीला टेकवून बघा. दिवा लख्ख झाला की निदान पक्कं. मग अर्थची वेगळी वायर कायमची ओढून घ्या.

अँप्लिफायर, मोबाइलचे चार्जर आणि रात्रभर जळणारे दिवे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावले की पहाटे काकडा होतो, पण ट्रॅक्टर सुरू होत नाही. त्यासाठी ट्रॉलीत वेगळी बॅटरी ठेवावी.

ताडपत्रीची तक्रार ‘गळते’ अशी येते. पाणी जिथे टपकतं तिथे भोक नसतंच असं नाही. ते कमानीच्या पाइपावरून घरंगळत चार हात पुढे येऊन पडतं. कमानींमध्ये अंतर जास्त असलं की ताडपत्रीला पोट पडतं, त्यात पाणी साठतं, आणि बिचारी ताडपत्री त्या वजनानेच फाटते. मधोमध एक आडा टाकला की निम्मा त्रास संपतो. पाऊस नसतानाही पहाटे अंथरूण ओलं झालं, तर ती गळती नाही. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ गार ताडपत्रीवर जमून टपकते. दोन्ही टोकांना वरच्या बाजूला वितभर उघडं ठेवा.

गॅसबद्दल मात्र मी हसून बोलत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळाला तर वर उडून जात नाही, तळाशी बसतो. चारी बाजूंनी फाळके लावलेला हौदा म्हणजे त्यासाठी तयार हौदच. मी वारीच्या प्रत्येक ट्रॉलीच्या तळपत्र्याला कोपऱ्यांत भोकं पाडून देतो आणि सिलिंडरला पुढच्या बाजूला बाहेरून जाळीचा कप्पा करतो. स्वयंपाक खाली, जमिनीवर, उघड्यावर करायचा. गळती तपासायला साबणाचा फेस वापरायचा. काडी ओढून तपासणारे महाभाग अजून आहेत.

राहिला उतार. पंढरपूरकडे जाताना बालाघाटाचे चढउतार लागतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर. ट्रॅक्टरच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळायला ते सोयीचं पडतं, रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खटका लावून जोडलेले हवेत. तो खटका गंजून, नाही तर तुटून गेलेला मी इतक्या ट्रॅक्टरांवर बघतो की ट्रॉली दाखवायला आलेल्याला आधी ट्रॅक्टरच दाखवायला सांगतो. एकाच चाकाला ब्रेक लागला की मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलून आडवी करते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला दिंडीप्रमुखांनी त्याच दिवशी खाली उतरवावं.

आणि माणसं? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी होते, आपल्याकडे एमएच २२ चा त्याचा स्वतःचा नंबर पडतो. मालाच्या ट्रॉलीत चालत्या रस्त्यावर माणसं बसवता येत नाहीत. म्हातारी माणसं थकतात, हे मला कळतं. त्यांच्यासाठी जीप करा. ट्रॉली रात्री उभी असताना निवारा आहे, आणि तेव्हाही ती रस्त्याच्या कडेला नको, मैदानात आत घ्यायची, चाकांना दगड लावायचे. मागच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टरची पट्टी नसेल तर मी पदरची लावतो, तिचे पैसे घेत नाही.

दिंडीवाल्यांना एकच विनंती. ट्रॉली मृग निघायच्या आत, मे महिन्यातच दाखवायला आणा. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी ट्रॉल्यांची रांग लागते आणि हब उघडायला कुणाकडेच वेळ नसतो. मिस्तरी बाहेरून ग्रीस मारतो आणि तुम्हाला वाटेला लावतो.