सतरा वर्षांनी येणारे पाहुणे

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी २००४ सालच्या एप्रिलात आम्ही दोघं अमेरिकेला गेलो, तेव्हा माझ्या बॅगेत खारीक, डिंक, अळीव, बाळंतशेपा असं सगळं काही होतं. तयारी नव्हती ती फक्त एका गोष्टीची, आणि ती म्हणजे किडे!

लेक तेव्हा मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरजवळच्या एलिकॉट सिटीत राहत होती. नावात सिटी असली तरी गाव जुनं, चढउताराचं, गर्द झाडीचं. घर भाड्याचं, पण मागच्या अंगणात एक भलामोठा ओक होता. मे महिना लागला आणि त्या झाडाखालच्या मातीत करंगळी जाईल एवढाली भोकं दिसू लागली. ह्यांना वाटलं, मुंगळे असतील. कुंपणापलीकडच्या बाई मात्र भोकं बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आले बरं का! सतरा वर्षं झाली."

त्यानंतर चारपाच दिवसांनी पाऊस झाला आणि दिवेलागणीला जमीनच जणू हलायला लागली. भोकाभोकांतून तपकिरी किडे निघाले आणि मिळेल त्या खोडावर, भिंतीवर, खुर्चीच्या पायावर चढू लागले. थोडं वर गेलं की किडा थांबायचा, त्याची पाठ मधोमध उसवायची आणि आतून पांढराशुभ्र, ओला जीव बाहेर यायचा. पोलकं काढून खुंटीला अडकवावं तसं ते टरफल तिथंच राहायचं. सकाळपर्यंत पांढऱ्याचा काळा झालेला, डोळे लालभडक, पंखांवर नारिंगी रेघा. ह्यांना म्हणतात सिकाडा. आपल्याकडे वैशाखात रानात भर दुपारी झाडावरून किर्रर्र करतात, त्यांचेच हे भाऊबंद. फरक इतकाच, की हे सतरा वर्षं जमिनीखाली झाडाच्या मुळांचा रस पिऊन काढतात आणि सतराव्या वर्षी, वीतभर खोलीवरची माती पुरेशी उबदार झाली, की सगळे एकदम वर येतात. दाट झाडीत एकरी दहापंधरा लाखसुद्धा! पक्षी, खारी, कुत्री खाऊन खाऊन कंटाळतात, तरी उरतात ते उरतातच. चावणं नाही, डसणं नाही. पण हे मला कोण सांगणार? मी आपली फडकं घेऊन दारात उभी.

अशात नातीचा जन्म झाला. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या मी घट्ट लावून घेतल्या. दुपटी मागच्या कठड्यावर वाळत घातली, तर तासाभरात प्रत्येकावर पाचसहा किडे! एकेक दुपटं दहादहा वेळा झटकायचं आणि वर इस्त्री फिरवायची. त्यात आवाज. ऊन तापलं की नर गायला लागायचे, तो आवाज लांबवर पिठाच्या गिरण्या चालू असाव्यात तसा दिवसभर घुमत राहायचा. रात्री मात्र गप्प. मी म्हटलं, तान्ह्या पोरीच्या कानांचं काय होणार? तर पोर त्या आवाजात अशी गाढ झोपायची की दुधासाठी उठवावं लागे. जूनच्या अखेरीला किडे मरून गेले, बागेत कुजका वास सुटला, एके दिवशी सगळं शांत झालं, आणि त्याच दिवसापासून बाईसाहेब दुपारी रडायला लागल्या!

हे तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले, अठ्ठावन्न वर्षांचे. ओकाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत आणि मध्येच शर्टावरचा किडा बोटावर घेऊन निरखत बसत. एकदा मला म्हणाले, "पुढच्या खेपेला मी पंचाहत्तरचा असेन. अमृतमहोत्सव इथंच करू, गाणारे आयतेच मिळतील."

शेजारच्या बाईंशी माझी गट्टी जमली ती ह्या किड्यांमुळेच. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्या सावकाश बोलत. त्यांनी सिकाडा पहिल्यांदा पाहिले १९५३ साली, सहा वर्षांच्या असताना. पंखांवर इंग्रजी डब्ल्यूसारखी खूण दिसते, ती म्हणजे 'वॉर', युद्धाची खूण, असं त्यांची आजी सांगे. तेव्हा त्यांचा मामा कोरियाच्या लढाईवर होता, त्यामुळे घरातलं कोणी त्या किड्यांकडे बघायला तयार नसे. १९७० साली बाईंचं लग्न झालं. चर्चमधून बाहेर पडल्या तर डोक्यावरच्या जाळीत तीन किडे अडकलेले! १९८७ साली मुलगा कॉलेजसाठी घर सोडून गेला. त्या सांगत होत्या आणि मी मनात हिशोब करत होते. १९८७ साली माझी लेक शाळेत होती आणि सासूबाई हिंडत्याफिरत्या होत्या. आपण पाडव्यापासून वर्ष मोजतो. ह्या बाईंनी आयुष्य मोजलं ते सतरासतराच्या मापानं.

असा हिशोब त्या भागात फार जुना आहे. जवळच्याच ओएला गावी बेंजामिन बॅनेकर नावाचा कृष्णवर्णीय शेतकरी होऊन गेला. गुलामगिरीच्या काळातला, पण स्वतः स्वतंत्र. घरीच शिकून ज्योतिर्गणिती झाला आणि पंचांगं काढू लागला. १७४९ साली, सतरा वर्षांचा असताना, त्यानं हे किडे प्रथम पाहिले. पिकं फस्त करतील ह्या भीतीनं तो त्यांना मारत सुटला, पण शेवटी हात टेकले. पुढे १७६६ आणि १७८३ ला ते पुन्हा आले, तेव्हा १८०० साली परत येतील असं त्यानं लिहून ठेवलं. त्याच्या शेताच्या जागी आता उद्यान आणि संग्रहालय आहे, नातीनं मला तिथं नेलं होतं.

आणि हो, मेरीलँड विद्यापीठातल्या एका संशोधिकेनं २००४ साली सिकाडांच्या पाककृतींचं पुस्तकसुद्धा काढलं! कोळंबीचं वावडं असेल त्यांनी सिकाडा खाऊ नयेत म्हणतात. मी म्हटलं, आमच्या घरी दोन्हींचं वावडं आहे!

पुढची खेप २०२१ ची. मी फेब्रुवारीत लेकीकडे आले होते, पण एकटी. हे २०१५ सालीच गेले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे करोनाची दुसरी लाट उसळली. सांगलीहून फोन आला की छातीत धस्स व्हायचं. लेकीनं आता जवळच नव्या वसाहतीत घर घेतलं होतं. मी रोज सकाळी खाली वाकून बागेत भोकं शोधायची. एकही दिसेना. नातीनं उलगडा केला, "आजी, इथं घरं बांधताना सगळी जमीन उकरली ना, मग आतले कसे जगणार?"

शेवटी मीच हट्ट धरला आणि आम्ही जुन्या गल्लीत गेलो. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी वळणावरूनच गिरण्यांचा तो आवाज कानांवर आला. बाई चौऱ्याहत्तरच्या झालेल्या, हातात काठी, पण मला ओळखलं. ह्यांच्याबद्दल विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

जुन्या घरात आता दुसरं कुटुंब होतं. त्यांनी आम्हाला खुशाल मागं जाऊ दिलं. ओक होता तसाच, बुंध्यावर टरफलांचा खच. नात मोबाइलवर वाचून सांगत होती, की मादी फांदीच्या सालीत अंडी घालते आणि सहा ते दहा आठवड्यांनी तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्लं खाली पडून मातीत शिरतात. म्हणजे हे सगळे २००४ च्या ऑगस्टच्या आसपास ह्याच फांद्यांवरून पडलेले, नातीहून दोनअडीच महिन्यांनी लहान. त्या दिवसांत ह्याच झाडाखाली ह्यांची खुर्ची असायची. त्यांच्या पेपरावरही एखाददुसरं पडलं असेल, आणि ह्यांनी झटकलं असेल.

एक किडा नातीच्या मनगटावर बसला. तिनं तो माझ्या बोटावर दिला. पाय जरा रुतले, बाकी काही नाही.

निघताना नातीनं बुंध्यावरचं एक टरफल अलगद काढलं आणि मी लेकीकडची रिकामी हिंगाची डबी धुऊन त्यात कापूस घालून ठेवलं. पुढची खेप २०३८ ची. टरफल सांगलीत माझ्या कपाटात आहे. डबी उघडली की अजून हिंगाचा वास येतो.